ग्राफिक्स कार्डापूर्वीचे ओव्हरक्लॉकिंग : नव्या गेमिंग संगणकाच्या जुळणीतील क्रमाचा विचार

सारांश :

गेमिंग संगणक जुळविताना ग्राफिक्स कार्ड हा बहुधा सर्वांत महाग आणि म्हणून सर्वांत शेवटी विकत घेतला जाणारा भाग असतो. कार्ड येईपर्यंतच्या काळात प्रोसेसरचा वेग वाढवून पाहावा की संपूर्ण जुळणी होईपर्यंत थांबावे, असा प्रश्न त्यातून निर्माण होतो. प्रस्तुत लेखात ओव्हरक्लॉकिंगमागील तत्त्व, त्यातील वीज आणि उष्णता यांचे गणित, तसेच तपासणीची पद्धत स्पष्ट केली आहे. कार्डापूर्वीची तपासणी दोषाचे मूळ शोधण्यासाठी उपयुक्त असली, तरी तिचा निकाल तात्पुरता असतो. कार्ड बसविल्यानंतर फेरतपासणी केल्याशिवाय तो निकाल अंतिम मानता येत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : ओव्हरक्लॉकिंग, प्रोसेसर, गुणक, व्होल्टेज, ग्राफिक्स कार्ड, स्थैर्य, मूक त्रुटी.

१. प्रस्तावना :

संगणक हे तयार मिळणारे यंत्र आहे तसेच ते सुट्या भागांतून जुळविता येणारे यंत्रही आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवण, पॉवर सप्लाय, कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड हे भाग स्वतंत्रपणे निवडून आपल्या गरजेनुसार संगणक उभा करण्याची पद्धत गेमिंगच्या क्षेत्रात विशेष रूढ आहे. यातील ग्राफिक्स कार्डाची किंमत अनेकदा उरलेल्या भागांच्या एकत्रित किमतीच्या जवळ जाते. त्यामुळे पैसे जमेपर्यंत किंवा कार्ड बाजारात उपलब्ध होईपर्यंत संगणक कार्डाविनाच वापरला जातो. २०२० ते २०२२ या काळात जगभर ग्राफिक्स कार्डांचा तीव्र तुटवडा होता, तेव्हा ही स्थिती अपवाद न राहता नित्याची झाली होती.

अशा वेळी संगणकाचा मालक हाती असलेल्या भागांकडे वळतो. प्रोसेसरचा वेग निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे नेणे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग करणे, हा त्याला सुचणारा पहिला प्रयोग असतो. याविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार कार्ड येण्यापूर्वीच प्रोसेसर आणि रॅम यांची मर्यादा तपासून घ्यावी. दुसऱ्या मतानुसार अपूर्ण संगणकावर केलेल्या तपासणीला अर्थ नसल्यामुळे संपूर्ण जुळणीनंतरच वेगाला हात लावावा. वरवर परस्परविरोधी दिसणारी ही मते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिले मत दोष कोठे आहे हे शोधण्याशी संबंधित आहे, तर दुसरे मत संगणक प्रत्यक्ष वापरात टिकेल काय याच्याशी संबंधित आहे. हा भेद स्पष्ट करणे हे या लेखाचे प्रमुख उद्दिष्ट आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीनेही हा विषय केवळ खेळापुरता नाही. विद्यार्थ्यांनी जुळविलेले वेगवान संगणक प्रकल्पांची गणिते, सांख्यिकीय विश्लेषण आणि चित्रफितींचे संपादन यांसाठीही वापरले जातात. अशा संगणकाने दिलेल्या उत्तरावर विश्वास केव्हा ठेवावा, हा त्यामागील मूलभूत प्रश्न आहे.

२. ओव्हरक्लॉकिंगची संकल्पना :

प्रोसेसरमधील सर्व क्रिया एका क्लॉकच्या ठोक्यांवर चालतात. ठोक्यांचा वेग दोन संख्यांच्या गुणाकाराने ठरतो. पहिली संख्या म्हणजे मूळ क्लॉक आणि दुसरी म्हणजे गुणक. मूळ क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ३३ असल्यास प्रोसेसरचा वेग ३,३०० मेगाहर्ट्झ म्हणजे ३.३ गिगाहर्ट्झ होतो. यांपैकी कोणतीही एक संख्या वाढविली की वेग वाढतो.

असा वाढीव वेग मिळण्याचे कारण निर्मितिप्रक्रियेत आहे. एकाच सिलिकॉन चकतीवरील सर्व चिप एकसारख्या गुणवत्तेच्या नसतात. निर्माता त्यांची चाचणी घेऊन प्रतवारी करतो आणि प्रत्येक प्रतीसाठी असा वेग ठरवितो की, त्या प्रतीतील दुर्बल चिपदेखील प्रतिकूल तापमानात तो वेग सांभाळू शकेल. साहजिकच त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या सबळ चिपमध्ये काही क्षमता शिल्लक राहते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ही शिल्लक वापरात आणणे होय. मात्र ती किती आहे हे चिपच्या नावावरून कळत नाही, ते तपासूनच ठरवावे लागते.

याचे प्रसिद्ध उदाहरण १९९८ मधील इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरचे आहे. त्याचा गुणक ४.५ इतका कायम केलेला होता आणि तो ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर ३०० मेगाहर्ट्झ वेगाने चालत असे. १०० मेगाहर्ट्झची बस असलेल्या मदरबोर्डवर तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झपर्यंत जाई, म्हणजे मूळ वेगाच्या दीडपट. परंतु त्या काळी बसचा वेग वाढविला की त्यावर अवलंबून असलेल्या पीसीआय आणि एजीपी या मार्गांचा वेगही त्याच प्रमाणात सरके. एजीपी मार्गावर ग्राफिक्स कार्ड असे. त्यामुळे प्रोसेसरवर केलेल्या प्रयोगाचा ताण कार्डावरही पडत असे आणि संगणक बंद पडल्यास दोष कोणाचा हे सांगणे कठीण जाई.

जानेवारी २०११ मध्ये आलेल्या सँडी ब्रिज पिढीपासून इंटेलच्या सामान्य डेस्कटॉप संगणकांत हे चित्र बदलले. मूळ क्लॉक इतर सर्व मार्गांशी इतका घट्ट बांधला गेला की तो काही टक्क्यांपलीकडे वाढविणे अशक्यप्राय झाले. त्याऐवजी नावाच्या शेवटी ‘के’ हे अक्षर असलेल्या प्रोसेसरांत गुणक मोकळा ठेवण्यात आला. यामुळे ओव्हरक्लॉकिंग सोपे झाले आणि त्याचा परिणाम बऱ्याच अंशी प्रोसेसरपुरता मर्यादित राहू लागला.

आजच्या प्रोसेसरांबाबत एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. २००८ मधील टर्बो बूस्टपासून निर्मातेच तापमान आणि वीज पाहून वेग आपोआप वाढवू लागले. कोअर आय-५ २५००के या २०११ मधील प्रोसेसरचा मूळ वेग ३.३ आणि टर्बो वेग कमाल ३.७ गिगाहर्ट्झ होता, तर २०२३ मधील कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरच्या वेगवान कोअरचा मूळ वेग ३.२ आणि कमाल वेग ६.० गिगाहर्ट्झ आहे. पूर्वी वापरकर्त्यासाठी उरणारी शिल्लक आता बहुतांशी निर्माताच खर्च करतो. म्हणून आज मिळणारा लाभ थोडा आणि जोखीम मात्र पूर्वीइतकीच, असे प्रमाण झाले आहे.

३. वीज, व्होल्टेज आणि उष्णता :

वेग वाढविताना एका टप्प्यानंतर चिपमधील ट्रान्झिस्टरांना ठोका संपण्यापूर्वी आपली स्थिती बदलणे जमेनासे होते. व्होल्टेज वाढविल्यास ते अधिक जलद बदलतात. म्हणून अधिक वेगासाठी अधिक व्होल्टेज द्यावे लागते. याची किंमत पुढील संबंधातून स्पष्ट होते :

गतिक वीजवापर = सक्रियता × धारिता × व्होल्टेजचा वर्ग × वारंवारिता

समजा, एखादा प्रोसेसर ३.३ गिगाहर्ट्झ वेगाने आणि १.२० व्होल्टवर चालताना ८० वॅट वीज घेतो. व्होल्टेज न बदलता तो ४.५ गिगाहर्ट्झवर नेता आला, तर वीजवापर वेगाच्या प्रमाणात म्हणजे सुमारे १०९ वॅट होईल. परंतु त्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले, तर तोच वापर सुमारे १३८ वॅटवर जाईल. म्हणजे वेगातील ३६ टक्के वाढीसाठी विजेत ७३ टक्के वाढ होते. गळतीची वीज यात धरलेली नाही, तीही तापमानाबरोबर वाढतेच.

ही सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. कूलरच्या कार्यक्षमतेनुसार प्रत्येक वॅटमागे प्रोसेसरचे तापमान सभोवतालच्या हवेपेक्षा ठराविक अंशांनी वाढते. हे प्रमाण वॅटमागे ०.३ अंश सेल्सिअस मानल्यास ८० वॅटला २४ अंशांची आणि १३८ वॅटला सुमारे ४१ अंशांची वाढ होईल. खोलीचे तापमान २५ अंश असताना प्रोसेसर अनुक्रमे ४९ आणि ६६ अंशांवर राहील. मात्र विदर्भात मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. वातानुकूलन नसलेल्या खोलीत ते ४० अंश धरले, तर हेच आकडे ६४ आणि ८१ होतात. हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. जानेवारीत घेतलेली चाचणी मे महिन्याची हमी देत नाही, हे त्यामुळे ध्यानात ठेवावे लागते.

आधुनिक प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांच्या मर्यादेजवळ पोहोचल्यावर स्वतःच वेग कमी करतो. हे संरक्षण तत्काळ जळण्यापासून वाचविते. परंतु दीर्घकाळ अधिक व्होल्टेज आणि अधिक उष्णता यांमुळे होणारी झीज त्याने टळत नाही. झिजलेल्या चिपला पूर्वीच्याच वेगासाठी अधिक व्होल्टेज लागू लागते आणि ही झीज भरून निघत नाही.

४. कार्डाविना संगणक : दृश्याचा प्रश्न :

कार्ड येण्यापूर्वी ओव्हरक्लॉकिंग करावयाचे तर पडद्यावर चित्र उमटले पाहिजे. त्यासाठी प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असणे आणि मदरबोर्डने ते बाहेर काढून देणे, या दोन्ही गोष्टी लागतात. सँडी ब्रिज पिढीतील स्थिती या दृष्टीने उद्बोधक आहे. कोअर आय-५ २५००केमध्ये मोकळा गुणकही होता आणि अंगभूत ग्राफिक्सही. परंतु आरंभी बाजारात आलेल्या मदरबोर्डांत हे दोन गुण एकत्र वापरता येत नव्हते. पी६७ चिपसेटवर गुणक वाढविता येई, पण अंगभूत ग्राफिक्सचे चित्र मिळत नसे. एच६७ चिपसेटवर चित्र मिळे, पण प्रोसेसरचा गुणक वाढविता येत नसे. मे २०११ मध्ये आलेल्या झेड६८ चिपसेटने दोन्ही सोयी एकत्र आणल्या. म्हणजे त्याआधी पी६७ घेणाऱ्याला कार्डाविना बायोसदेखील पाहता येत नव्हते.

हाच प्रश्न आज वेगळ्या रूपात उभा राहतो. २०१९ पासून इंटेलने नावात ‘एफ’ हे अक्षर असलेले, अंगभूत ग्राफिक्स बंद केलेले प्रोसेसर विकण्यास प्रारंभ केला. एएमडीच्या रायझन १००० ते ५००० या डेस्कटॉप मालिकांत ‘जी’ हे अक्षर असलेले प्रोसेसर वगळता सर्वसाधारणपणे अंगभूत ग्राफिक्स नव्हते. २०२२ मधील रायझन ७००० मालिकेपासून ‘एफ’ प्रकार सोडल्यास बहुतेकांत लहान ग्राफिक्स देण्यात आले. प्रोसेसरवर थोडे पैसे वाचविण्यासाठी ‘एफ’ प्रकार निवडणारा ग्राहक कार्डाविना तपासणीची सोयही गमावतो. पुढे कार्ड बिघडल्यास संगणक सुरू आहे की नाही हे पाहण्याचे साधनही त्याच्याकडे उरत नाही.

५. क्रमामागील तर्क :

प्रयोगशास्त्राचा प्राथमिक नियम असा की, एका वेळी एकच घटक बदलावा. नव्या संगणकातील प्रत्येक भाग न तपासलेला असतो. प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय, कार्ड आणि कार्डाचे ड्रायव्हर हे सर्व एकाच दिवशी जोडून त्याच दिवशी वेगही वाढविला आणि खेळ सुरू असताना संगणक बंद पडला, तर संशयितांची यादी मोठी होते. कार्ड नसताना हीच यादी लहान असते. त्या स्थितीत प्रोसेसर आणि रॅम यांची निर्दोषता प्रस्थापित झाली असेल, तर कार्ड आल्यानंतर उद्भवलेल्या दोषाचा शोध कार्ड, वीजपुरवठा आणि उष्णता यांपासून सुरू करता येतो.

या तर्काचे महत्त्व २०२४ मधील घडामोडींतून दिसून आले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही वेगवान डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ अचानक बंद पडत आणि पडद्यावर ग्राफिक्स कार्डाची स्मृती अपुरी असल्याचा संदेश येई. कार्डावर मुबलक स्मृती असतानाही हा संदेश येत असल्यामुळे अनेकांनी कार्डाला आणि ड्रायव्हरला दोष दिला. वस्तुतः खेळातील संकुचित माहिती उलगडण्याचे काम प्रोसेसरवर चालते आणि चुकत होता तो प्रोसेसर. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडमधून मागितले जाणारे अवाजवी व्होल्टेज हे कारण जाहीर केले, ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. ज्या चिपची झीज झाली होती, त्या मात्र या सुधारणेने पूर्ववत होणाऱ्या नव्हत्या.

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. संदेशात ज्या भागाचे नाव येते, तोच भाग दोषी असतो असे नाही. तसेच निर्मात्याच्या मूळ मांडणीवरही संगणक स्थिर असल्याचे गृहीत धरता येत नाही, ते तपासावे लागते.

६. कार्यपद्धती :

कार्डापूर्वीच्या तपासणीचे टप्पे पुढीलप्रमाणे मांडता येतात.

अ) आधाररेषा : प्रथम बायोस अद्ययावत करून सर्व मांडणी मूळ स्थितीत ठेवावी. अद्ययावतीकरण सुरू असताना वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून भारनियमनाच्या भागात यूपीएस आवश्यक ठरतो. त्यानंतर रिकाम्या आणि पूर्ण भारावरील तापमान, व्होल्टेज आणि वेग यांची नोंद करावी. खोलीचे तापमानही लिहून ठेवावे. मूळ मांडणीवरच तापमान मर्यादेला भिडत असेल, तर कूलर नीट न बसणे, त्यावरील प्लॅस्टिकचे आवरण न काढणे किंवा थर्मल पेस्ट अपुरी असणे ही कारणे तपासावीत. मूळ मांडणीवर चाचणी अयशस्वी झाली, तर वेग न वाढविता सदोष भाग वॉरंटीत बदलून घ्यावा.

आ) रॅम : रॅम तिच्या खोक्यावर छापलेल्या वेगाने आपोआप चालतेच असे नाही. ३,२०० च्या डीडीआर४ रॅमची जोडी बसविल्याबरोबर २,१३३ किंवा २,४०० अशा प्रमाणित वेगानेही चालू शकते. छापील वेगासाठी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही मांडणी बायोसमध्ये निवडावी लागते. ही निवड ओव्हरक्लॉकिंगमध्येच मोडते, कारण स्मृतिनियंत्रक प्रोसेसरमध्ये असतो आणि त्याचे व्होल्टेजही बदलते. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे जळाल्यानंतर एएमडीने या भागाच्या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली होती. अंगभूत ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरत असल्याने रॅमच्या वेगाचा लाभ कार्ड नसताना ठळकपणे दिसतो. मात्र रॅममधील दोषही चित्रातील बिघाडाच्या रूपाने दिसू शकतो, हे लक्षात ठेवावे. डीडीआर५ रॅमची मांडणी बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. हा बिघाड समजून वीज तोडू नये.

इ) गुणक : रॅम पुन्हा मूळ मांडणीवर आणून प्रोसेसरचा गुणक एकेका पायरीने वाढवावा. प्रत्येक पायरीवर छोटी चाचणी घ्यावी. अंगभूत ग्राफिक्सचा वेग मात्र मूळच ठेवावा. कार्ड आल्यावर त्याचे काम संपणार असते आणि त्याचा वेग वाढविल्यास तपासणीत आणखी एक घटक मिसळतो.

ई) व्होल्टेज : चाचणी अयशस्वी होऊ लागली की व्होल्टेज लहान टप्प्यांनी वाढवावे आणि तापमान पाहावे. मदरबोर्डवरील स्वयंचलित ओव्हरक्लॉकिंग गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज देण्याची शक्यता असते. म्हणून संख्या स्वतः लिहून निश्चित करणे श्रेयस्कर ठरते. संगणक सुरूच झाला नाही, तर मदरबोर्डवरील सीएमओएस पुसण्याच्या सोयीने मूळ मांडणी परत आणता येते.

उ) मागे येणे : जेथे दीर्घ चाचणी यशस्वी झाली, त्या कमाल वेगावर न थांबता एक पायरी खाली यावे. अखेरीस रॅम आणि प्रोसेसर यांची वाढीव मांडणी एकत्र करून चाचणी पुन्हा घ्यावी, कारण स्वतंत्रपणे स्थिर असलेल्या दोन मांडण्या एकत्र स्थिर असतीलच असे नाही.

या सर्व टप्प्यांत कार्यप्रणाली आणि महत्त्वाच्या फाइली यांची सुरक्षित प्रत वेगळ्या डिस्कवर असणे अनिवार्य आहे. अस्थिर रॅमवर कार्यप्रणाली बसविल्यास तिच्या फाइली प्रारंभीच दूषित होतात आणि हा दोष पुढे मूळ वेगावर आल्यानंतरही राहतो. कार्यप्रणाली नेहमी मूळ मांडणीवर बसवावी.

७. स्थैर्याचा अर्थ :

‘संगणक सुरू होतो आणि खेळ चालतो’ ही स्थैर्याची प्रचलित कसोटी अपुरी आहे. अस्थिर प्रोसेसर तीन प्रकारे वागतो. तो बंद पडतो, एखादा प्रोग्रॅम बंद पडतो किंवा काहीही बंद न पडता उत्तर चुकते. यांतील तिसरा प्रकार सर्वांत घातक होय, कारण तो कळत नाही. त्याला मूक त्रुटी म्हणता येईल.

मूक त्रुटी ही केवळ कल्पना नाही. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात एका सर्व्हरमधील सदोष कोअरचे उदाहरण दिले आहे. १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक घेतल्यास उत्तर १५६ येते. तो कोअर हे उत्तर शून्य देत होता. त्या गणिताने फाइलचा आकार ठरत असल्यामुळे अस्तित्वात असलेल्या फाइली शून्य आकाराच्या ठरून गहाळ होत होत्या. कोठेही दोषाचा संदेश येत नव्हता. ही स्थिती वेग न वाढविलेल्या यंत्रावरची आहे. निर्मात्याने राखलेली सुरक्षित शिल्लक आपण होऊन खर्च करणाऱ्याने तर हा धोका अधिक गांभीर्याने घेतला पाहिजे.

म्हणूनच ज्यांचे उत्तर आधीच माहीत आहे, अशा गणितांवर आधारित चाचण्या महत्त्वाच्या ठरतात. मोठ्या मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाचा प्राइम९५ हा प्रोग्रॅम याचे उत्तम उदाहरण आहे. त्यातील ताणचाचणी प्रत्येक गणिताचे उत्तर ज्ञात उत्तराशी ताडून पाहते आणि एकही फरक आढळला तर थांबते. यंत्राच्या चुकीमुळे आठवड्यांचे गणित वाया जाऊ शकते, हा अनुभव त्या प्रकल्पाला असल्याने तेथे निकालांची फेरपडताळणी करण्याची पद्धत आहे. रॅमसाठी मेमटेस्ट८६ हा कार्यप्रणालीविना चालणारा प्रोग्रॅम वापरला जातो. तो स्मृतीच्या प्रत्येक भागात ठराविक नमुने लिहून ते परत वाचतो.

एकच चाचणी मात्र पुरेशी नसते. एव्हीएक्स प्रकारच्या विस्तृत गणिती आज्ञा सर्वाधिक उष्णता निर्माण करतात, तर काही अस्थिरता हलक्या भारावर, एकच कोअर कमाल वेगाला जात असताना दिसते. म्हणून जड, हलका आणि सतत बदलणारा अशा तिन्ही भारांवर अनेक तास चाचणी घेणे योग्य होय. तरीही चाचणी यशस्वी होणे म्हणजे दोष नसल्याचा पुरावा नव्हे. दिलेल्या वेळेत आणि दिलेल्या स्थितीत दोष आढळला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

८. कार्ड बसविल्यानंतर :

कार्ड बसविताच तपासणीच्या वेळची स्थिती बदलते. पहिला बदल उष्णतेचा आहे. २०२२ मधील एनव्हिडिया आरटीएक्स ४०९० या कार्डाचा निर्धारित वीजवापर ४५० वॅट आहे. मध्यम प्रतीची कार्डेही भाराखाली दीडशे ते अडीचशे वॅट घेतात. यातील बहुतांश उष्णता कॅबिनेटमध्येच सोडली जाते आणि प्रोसेसरचा कूलर तीच गरम हवा ओढतो. कॅबिनेटमधील हवा केवळ ८ अंशांनी तापली असे धरले, तर वरील उदाहरणातील मे महिन्याचे ८१ अंश हे ८९ होतात. जानेवारीत कार्डाविना ६६ अंशांवर समाधानकारक वाटलेली मांडणी तीच असते.

दुसरा बदल विजेचा आहे. कार्डाला पीसीआय एक्स्प्रेस मार्गातून ७५ वॅटपर्यंत आणि त्याशिवाय वेगळ्या जोडण्यांतून वीज मिळते. आठ पिनांच्या प्रत्येक जोडणीची मर्यादा १५० वॅट आहे. खेळातील दृश्यानुसार ही मागणी क्षणोक्षणी चढउतार करते. कार्डाविना सहज पुरणारा पॉवर सप्लाय या चढउतारात कमी पडू शकतो आणि तेव्हा प्रोसेसर निर्दोष असूनही संगणक बंद पडतो.

तिसरा बदल प्रोसेसरच्या आतील आहे. अंगभूत ग्राफिक्सचे काम थांबल्याने त्याची वीज आणि रॅमवरील त्याचा भार वाचतो. त्यामुळे कार्डाविना सापडलेली मर्यादा क्वचित किंचित पुढेही सरकू शकते. परंतु वरील दोन प्रतिकूल बदलांच्या तुलनेत हा लाभ लहान असतो.

म्हणून कार्ड प्रथम मूळ वेगावर चालवावे. प्रोसेसरही मूळ मांडणीवर आणून खेळ चालतो याची खात्री करावी. नंतर साठविलेली वाढीव मांडणी परत लावावी आणि प्रोसेसर व कार्ड यांवर एकाच वेळी भार देऊन चाचणी घ्यावी. दोष आढळल्यास प्रोसेसर मूळ वेगावर आणून पाहावे. दोष गेला तर कारण उष्णता, वीज किंवा वाढविलेला वेग यांत आहे. तो राहिला, तर आधीच्या निर्दोष नोंदीच्या आधारे कार्ड, त्याचे ड्रायव्हर किंवा वीजपुरवठा यांकडे वळता येते. पहिल्या टप्प्यातील नोंदींचे खरे मूल्य येथे प्रत्ययास येते.

याच टप्प्यावर ओव्हरक्लॉकिंगचा उपयोग झाला की नाही हेही कळते. प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसर आणि कार्ड हे दोघे काम करतात आणि ढोबळमानाने त्यांपैकी ज्याला अधिक वेळ लागतो तो वेग ठरवितो. प्रोसेसरला ५ आणि कार्डाला १२ मिलिसेकंद लागत असल्यास सेकंदाला सुमारे ८३ चित्रे मिळतील. प्रोसेसर दहा टक्के जलद केला, तरी हा आकडा बदलणार नाही. उलट कमी रिझोल्यूशनवर कार्डाला ४ मिलिसेकंद लागत असतील, तर प्रोसेसर हाच अडसर असतो आणि त्याच्या वाढीव वेगाचा लाभ दिसतो. कार्डाविना मोजलेली प्रोसेसरची वाढ खेळात कितपत उतरेल, हे त्यामुळे आधी सांगता येत नाही.

९. निष्कर्ष :

१) कार्डापूर्वी प्रोसेसर आणि रॅम यांची तपासणी करणे तर्कशुद्ध आहे. त्यातून दोषाचे क्षेत्र लहान होते आणि सदोष भाग वेळेत बदलून घेता येतो. या टप्प्यातील सर्वांत मोलाची प्राप्ती मूळ मांडणीची लेखी आधाररेषा ही होय, वाढीव वेगाचे स्थान तिच्यानंतरचे आहे.

२) कार्डापूर्वी सापडलेला कमाल वेग तात्पुरता असतो. उष्णता आणि वीज यांची स्थिती बदलल्यामुळे कार्डानंतरची फेरतपासणी अपरिहार्य ठरते. उन्हाळ्यात ती पुन्हा घ्यावी लागते.

३) आजच्या प्रोसेसरांत निर्माताच बहुतांश क्षमता वापरत असल्याने मिळणारा लाभ मर्यादित आहे. निर्मात्याच्या मर्यादेबाहेरच्या वापरामुळे झालेली हानी सामान्यतः वॉरंटीत येत नाही, हेही विचारात घ्यावे.

४) खेळात एखादे चित्र चुकले तर फारसे बिघडत नाही, परंतु विश्लेषणातील एक संख्या चुकली तर संपूर्ण निष्कर्ष चुकतो. म्हणून प्रयोगशाळा, परीक्षाविषयक कामकाज आणि संशोधनाची गणिते यांसाठीचे संगणक मूळ वेगावरच चालवावेत. विद्यार्थ्याने स्वतःच्या वेगवर्धित संगणकावर प्रकल्पाचे गणित केले असेल, तर ते मूळ वेगावरील दुसऱ्या यंत्रावर एकदा ताडून पाहण्यास मार्गदर्शकाने सांगावे.